अंगावर गांधी उठल्या, पण कशाने?

प्रश्न : वय ३४. गेल्या आठवड्यात सर्दी-ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतली आणि तासाभरात पोट, मांड्या, पाठ गांधींनी भरून गेली. आदल्या रात्री कोळंबी खाल्ली होती. ती मी लहानपणापासून खाते, तरी घरचे तिलाच दोष देतात. रक्ताच्या एका नमुन्यात शेकडो पदार्थांची ॲलर्जी तपासून मिळते म्हणे. करून घेऊ का?

उत्तर : नका करू. त्या तपासणीत दूध, गहू, अंडी असं काहीतरी ‘पॉझिटिव्ह’ निघतंच आणि धडधाकट माणूस जेवणातले पदार्थ एकेक करून सोडायला लागतो. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) सापडलं, तरी तो बाधतोच असं नसतं. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाचे तक्ते तर तुम्ही काय खाता एवढंच सांगतात.

आधी घड्याळ बघा. खाण्याची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. (गोचीड चावल्यावर जडणारी लाल मांसाची ॲलर्जी तेवढी काही तास उशिरा उठते.) तुमच्या कोळंबीला अख्खी रात्र उलटून गेली होती, तिला सोडून द्या.

उरले दोघे : ताप आणि गोळी. विषाणूचा ताप एकटाही पित्त उठवतो, मुलांमध्ये तर सर्रास. पण तासाभराचं अंतर पाहता माझा जास्त संशय गोळीवर आहे. पूर्वी ती सोसली होती, म्हणून ती निर्दोष ठरत नाही. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक तिच्याच गोतावळ्यातली, तेव्हा निकाल लागेपर्यंत तीही नकोत. सर्दीच्या तयार गोळ्यांतही यातलं काही मिसळलेलं असतं, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ‘पुन्हा घेऊन बघते’ हा प्रयोग घरी अजिबात नको. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या मात्रेने करतात. या गोळ्यांसाठी त्वचेवर टोचून करायच्या चाचणीचा सहसा उपयोग होत नाही.

पुन्हा उठल्या तर फोटो काढा. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून वेळ लिहा. साधी गांध चोवीस तासांत तिथून विरते, भले दुसरीकडे नवी उठो. तीच तिथे ठाण मांडून बसली, खाजेपेक्षा दुखू लागली, जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तवाहिन्यांची सूज आहे का, हे बघायला त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, भोवळ आली, गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं.

कितीतरी जणांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही आणि गांधी आपसूक थांबतात. सहा आठवड्यांनंतरही उठतच राहिल्या, तर पुन्हा लिहा. त्या जुनाट पित्ताची गोष्ट निराळी असते, त्यात बाहेरचं कारण क्वचितच हाती लागतं.