मैदानावरचा खून

प्रश्न : भर सामन्यात फुटबॉलपटू कोसळून मरतो, असा जुना ब्रिटिश रहस्यपट कोणता? त्यातला सामना खरा आहे का?

उत्तर : ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’, १९३९. दिग्दर्शक थोरोल्ड डिकिन्सन. आणि हो, सामना खराच! लंडनच्या हायबरी मैदानावर ६ मे १९३९ रोजी झालेल्या आर्सेनल-ब्रेंटफर्ड लढतीचं चित्रण त्यात आहे. ब्रेंटफर्डचा संघ पडद्यावर ‘ट्रोजन्स’ हा काल्पनिक हौशी संघ झालाय. लेस्ली बँक्सचा इन्स्पेक्टर स्लेड झकास, पण माझा जीव जडलाय तो जॉर्ज ॲलिसन यांच्यावर. आर्सेनलचे खरेखुरे व्यवस्थापक, स्वतःच्याच भूमिकेत, किती सहज बोलतात! ती गर्दी मात्र नीट बघा. चारच महिन्यांत युद्ध पेटलं आणि लीग बंद पडली.