स्पेनमधल्या बिल्बाओला एकच दिवस आहे. गुगेनहाइम म्युझियम कसं पाहावं? आधुनिक कलेतलं काही कळत नसेल तर जावं का?

जावंच. चित्रं कळत नसतील तर सुरुवातीला हेच म्युझियम बरं. इथली सगळ्यात मोठी कामं नुसती बघायची नाहीत, त्यांच्या आतून-खालून चालायचं असतं.

आधी वार बघा. उन्हाळा सोडला तर सोमवारी सहसा बंद असतं. तिकीट ऑनलाइन काढा, शक्यतो सकाळी १० चं. काढण्याआधी कुठली दालनं बंद आहेत तेही बघा, कारण प्रदर्शनं बदलताना मोठा भाग बंद असू शकतो. मेट्रोने मोयुआला उतरून नदीच्या दिशेने दहा मिनिटं चाललं की फुलांनी मढवलेला कुत्रा दिसतो. हा जेफ कून्सचा 'पपी', १२ मीटर उंच. मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याची रोपं बदलतात, तेव्हा त्याच्याभोवती परांची असते. फोटोसाठीच जाणार असाल तर ते दिवस टाळा. इथून पायऱ्या खाली उतरतात, दार तिथे. मोठी सॅक सामानघरात द्या.

आत गेल्यावर वर जायची घाई करू नका. तळमजल्यावरच १३० मीटर लांब दालन आहे, त्यात रिचर्ड सेराची आठ पोलादी शिल्पं. बहुतेक लोक दारातून फोटो काढून निघतात आणि पैसे वाया घालवतात. प्रत्येक शिल्पात शिरा, मध्यापर्यंत जा, थांबा, परत या. जमीन सपाट असते, पण चार मीटर उंच भिंती कधी अंगावर येतात, कधी बाहेर झुकतात. भिंत म्हणजे उभी सरळ, असं आपण धरून चालतो, म्हणून तोल गेल्यासारखा वाटतो. गरगरलं तर घाबरू नका, काम नीट चाललंय! हात मात्र लावू नका. गंजाच्या थरावर घामाचे डाग उठतात. तासभर इथेच द्या, मग दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून खाली बघा. आत चक्रव्यूह वाटलेली वाट वरून साधं वळण निघते.

तळमजल्यावरच जेनी होल्झरचे एलईडी दिव्यांचे नऊ उंच खांब आहेत. समोरून लाल अक्षरांत इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर सरकतो. मागे जा, तिथे निळ्या अक्षरांत बास्क या इथल्या स्थानिक भाषेतला मजकूर आहे. हे अनेकांचं राहून जातं. वरच्या मजल्यांवर बदलती प्रदर्शनं असतात. एखादं निवडा, सगळी रेटू नका.

नदीकडची बाजू शेवटी ठेवा, ती फुकट आहे. लुईज बुर्ज्वाच्या महाकाय कोळिणीच्या पायांखाली उभं राहून वर बघा, पोटाच्या पिशवीत संगमरवरी अंडी आहेत. तळ्यातला चकचकीत गोळ्यांचा मनोरा मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचा, गोळे ७३. फुजिको नाकायाचं धुक्याचं शिल्प ठरावीक वेळांनाच सुटतं, वेळ आतच विचारून घ्या.

इमारत नीट बघायची तर पेद्रो अरुपे पादचारी पुलावरून पलीकडच्या काठावर जा. पाऊस असला तरी चालेल, छत्री ठेवाच. इमारतीचा वास्तुरचनाकार फ्रँक गेहरीने वापरलेले टायटॅनियमचे पत्रे जेमतेम ०.३८ मिलिमीटर जाड आहेत आणि ढगाळ उजेडातही छान उठून दिसतात.