चवथीच्या मखराची रोषणाई: डिले लूप काढून टाक

मखराच्या दिव्यांसाठी तू ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर डिले लूप (नुसता वेळ काढणारी फेरी) लिहिलेस, म्हणूनच बटण दाबले तरी नक्षी लगेच बदलत नाही. लूप संपेपर्यंत प्रोसेसर बटणाकडे बघतच नाही. वेळ मोजायचे काम टायमरला दे.

१२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर जुना ८०५१ दर मायक्रोसेकंदाला एक मोजतो. १६ बिटांच्या ‘टायमर ०’ मध्ये १५५३६ भरलेस की तो ६५,५३६ पर्यंत ५०,००० मोजतो आणि ५० मिलिसेकंदांनी इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरलेला छोटा कोड चालवणारा इशारा) येतो; असे वीस झाले की एक सेकंद. दर वेळी आकडा पुन्हा भरायला विसरू नकोस. त्यात काही मायक्रोसेकंद वाया जातात. दिव्यांना ते चालते, घड्याळाला नाही.

इंटरप्टमध्ये फक्त आकडा भर आणि एक बिट उभा (१) कर. दिवे तिथून हलवू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. मुख्य लूपमध्ये जेबीसी (JBC) या सूचनेने तो बिट तपास, ती एकच सूचना बिट तपासून पुसूनही टाकते. मग स्टेटचा, म्हणजे सध्या कोणती नक्षी चालू आहे त्याचा, आकडा दुप्पट करून जंप टेबलात (प्रत्येक स्टेटच्या कोडकडे नेणाऱ्या उड्यांच्या यादीत) उडी मार. दुप्पट एवढ्यासाठी, की टेबलातली प्रत्येक एजंप (AJMP, जवळची उडी) दोन बाइटची असते. तीन बाइटची एलजंप (LJMP, लांबची उडी) वापरलीस तर तिप्पट कर. उडीआधी आकडा मर्यादेत आहे का ते नक्की बघ, नाहीतर प्रोग्राम कुठेही भरकटेल.

आणि आपल्याकडे चवथीच्या पावसात वीज जाते-येते. वीज आल्यावर रॅममध्ये काहीही असू शकते, म्हणून सुरुवातीलाच स्टेट शून्य कर.