सुतारकाम, डोंगर आणि ऑन-कॉलची पाळी

तुमच्या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. सॉफ्टवेअरच्या नोकरीत तुम्हांला आठ वर्षे झाली आहेत, दर महिन्यात एक आठवडा ऑन-कॉलची पाळी (म्हणजे यंत्रणा बिघडली की केव्हाही फोन घेऊन कामाला लागण्याची जबाबदारी) येते, सुतारकाम शिकावे आणि डोंगरांत जावे अशी दोन्हींची ओढ आहे, आणि संध्याकाळी काम संपल्यावर अंगात त्राण उरत नाही. अशा परिस्थितीत दोन्हींसाठी वेळ कसा काढावा, की एकच निवडावे, की नोकरीच सोडून मोकळे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याचे काम करते आहे आणि त्या काळात हे दोन्ही नाद टिकवून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळ किती उरतो याचा हिशेब मांडण्याआधी तो कशा स्वरूपात उरतो ते पाहावे, असे माझे मत आहे. आपल्या क्षेत्रातील नोकरीतून दोन प्रकारचा वेळ हाती लागतो. एक तुटक, म्हणजे संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास, जो फोन वाजला की केव्हाही मोडतो. आणि दुसरा सलग, म्हणजे पाळी नसलेला शनिवार-रविवार किंवा वर्षातून एकदा मिळणारी मोठी रजा. सुतारकाम पहिल्या प्रकारात चपखल बसते आणि डोंगर दुसऱ्या प्रकारावाचून होतच नाहीत, त्यामुळे ही दोन कामे एकमेकांच्या वाट्याचा वेळ खात नाहीत. ओढाताण होते ती लोक याच्या उलट करतात म्हणून. सुतारकाम रविवारसाठी राखून ठेवतात, मग रविवारी घरची कामे निघतात. आणि डोंगरासाठी मात्र शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा दिवस कसाबसा ओढून काढतात.

लाकडाच्या कामात पुष्कळ वेळ वाट पाहण्यात जातो, ही नोकरदाराच्या दृष्टीने मोठी सोय आहे. नेहमीचा पांढरा किंवा पिवळा सरस लावून सांधा क्लॅम्पमध्ये, म्हणजे घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात, आवळला की अर्ध्या-एक तासाने क्लॅम्प काढता येतो, पण पूर्ण ताकद येण्यासाठी साधारण २४ तास थांबावे लागते. तेलाचा एक हात दिल्यावर दुसरा बहुधा दुसऱ्याच दिवशी देता येतो. म्हणजे सोमवारी आखणी, मंगळवारी एक सांधा कापणे, बुधवारी चिकटवणे, असे काम पुढे सरकते आणि मधल्या वेळात तुम्ही निश्चिंतपणे नोकरी करता. अट एकच आहे: काम मांडलेले राहिले पाहिजे. दर संध्याकाळी अवजारे काढायची, टेबल मोकळे करायचे आणि शेवटी सगळे पुन्हा आत ठेवायचे, असे असेल तर चाळीस मिनिटांतील निम्मी त्यातच जातात आणि काही आठवड्यांत उत्साह मावळतो. घरात एक कोपरा आणि न हलणारे एक जड टेबल मिळवा; त्यापुढे महागडी यंत्रे गौण आहेत. आपल्या क्षेत्रातील मंडळी नेमके उलट करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आधी दोन महिने अवजारांची तुलना, मग खरेदी, मग त्यांची नोंद ठेवणारी स्प्रेडशीट, आणि लाकूड अजून आलेलेच नसते.

संध्याकाळी डोके चालत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. डोके थकलेले असताना नवी आखणी करू नये हे खरे, पण हाताला काम देता येते. पटाशीला धार लावण्याचेच उदाहरण घ्या. पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा घासलेला असतो आणि प्रत्यक्ष धारेची अगदी चिंचोळी पट्टी ३० अंशांवर घासतात. दगडावर पाणी किंवा तेल घालून उतार टेकवायचा, कोन न बदलता मागे-पुढे घासायचे आणि थोड्या वेळाने पाठीच्या बाजूने अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच ओढून पाहायचा. धातूची बारीक खरखरीत कड संपूर्ण रुंदीभर उठलेली लागली, तर दगड धारेपर्यंत पोहोचला असे समजावे. एखाद्या कोपऱ्यात ती लागली नाही, तर तो कोपरा अजून बोथटच आहे. मग बारीक दगडावर तेच करून पाठ सपाट टेकवायची आणि ती कड काढून टाकायची. मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकावर, जिथे लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या छेदल्या जातात तिथे, पटाशी चालवून पाहा. कापलेला भाग गुळगुळीत आणि किंचित चमकदार दिसला तर धार लागली. तंतू चिरडलेले आणि पांढुरके दिसले तर पुन्हा दगडाकडे वळावे. दहा-पंधरा मिनिटांत एक काम सुरू होऊन पूर्ण होते, आणि दिवसभर अर्धवट तिकिटांत, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी आणि कामांत, अडकलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. हाताच्या अवजारांचा आवाज कमी असतो, म्हणून उशिराही ती चालवता येतात. विजेची करवत मात्र थकलेल्या अवस्थेत चालवायची नाही. बोटे ही नोकरी आणि छंद या दोहोंची सामाईक मालमत्ता आहे.

लाकडाबद्दल अभियंत्यांना आवर्जून सांगावी अशी आणखी एक बाब म्हणजे त्याची मापे स्थिर नसतात. रेषेच्या दिशेने लांबी जवळपास बदलत नाही, पण रुंदी हवेतील ओलाव्याप्रमाणे कमी-जास्त होते. तीही वाढवर्तुळांच्या कडेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुपटीने. म्हणून टेबलाची भरीव लाकडाची फळी चौकटीला चारही बाजूंनी चिकटवून टाकली, तर एखाद्या कोरड्या ऋतूत ती तडकते. स्क्रूची भोके लांबट ठेवायची, म्हणजे फळीला सरकायला जागा मिळते. ज्यांना हालचाल गृहीत धरून रचना करण्यात रस आहे, त्यांच्यासाठी या कामात वर्षानुवर्षे पुरेल एवढा विचार आहे. धुळीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला, तेव्हा घासकाम करताना चांगला मास्क हवाच. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि ती फडकी आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आता डोंगर. तिथे तुटक वेळेचा उपयोग फक्त तयारीपुरता. पायथ्याशी पोहोचणे, चढणे, उतरणे आणि परत येऊन माणसात येणे हे सगळे मिळून एक सलग तुकडा लागतो, आणि त्याचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला, तो आजही वापरात आहे: ताशी ५ किलोमीटर चाल धरावी आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी एक तास वाढवावा. १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर २ तास २४ मिनिटे अधिक दीड तास, म्हणजे सुमारे चार तास होतात. यात विश्रांती नाही, वाट चुकणे नाही, पाठीवरचे ओझे नाही आणि आठवडाभर खुर्चीत बसलेले गुडघेही नाहीत. त्या आकड्याची दीडपट करून सहा तास धरावेत आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ती गटातील सर्वांना सांगावी. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी ती वेळ झाली की फिरायचे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आपण जो आशावाद भरतो, त्याची तिथे किंमत अंधारात उतरण्याने चुकवावी लागते.

मोठ्या उंचीच्या मोहिमेचा विचार असेल, तर तुमच्या रजेचा आकडा शरीरच ठरवेल. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य संकेत आहे. या हिशेबाने ३,००० मीटरवरून ५,००० मीटरच्या मुक्कामाला पोहोचायलाच पाच-सहा दिवस लागतात. प्रवास, परतीची वाट आणि खराब हवामानासाठी राखीव दिवस धरले की दोन आठवड्यांच्या आत हे बसत नाही. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो आणि उत्तम तंदुरुस्ती असलेल्या माणसालाही विरळ हवेचा त्रास होतो, कारण दमसास आणि विरळ हवेची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. सातच दिवस मिळत असतील, तर मोहीम सात दिवसांत कोंबू नका. कमी उंचीचा डोंगर निवडा. कमी उंचीवर उत्तम डोंगरांची वाण नाही.

शुक्रवारच्या रात्रीबद्दल मी जरा कडक आहे. रात्री उशिरापर्यंत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करण्याचे काम, म्हणजे रिलीज, मग तशीच गाडी काढून पहाटे पायथा गाठणे, ही आपल्या व्यवसायातील शौर्यगाथा समजली जाते. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तींची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असतानाच्या पातळीपर्यंत घसरलेली आढळली. त्या अवस्थेत गाडी चालवायची आणि वर दोर बांधायचा, हे धाडसात मोडत नाही. शुक्रवारी रात्री झोपा, शनिवारी सकाळी निघा आणि त्या सुट्टीत जो लहान डोंगर बसेल तो करा.

ऑन-कॉलच्या आठवड्यात डोंगरावर जायचेच नाही. “वर रेंज मिळते” हे वाक्य ऐकले की मी त्या सहकाऱ्याच्या जागी दुसऱ्याचे नाव घालायला सांगते. वेळापत्रक लागताच पाळ्यांची अदलाबदल करून घ्यावी. दुसऱ्याची सणासुदीची पाळी तुम्ही आपणहून घेतलीत, तर मोठ्या रजेच्या वेळी कोणी कुरकुर करत नाही. रजेवर निघण्यापूर्वी एक पानभर लेखी हस्तांतर करावे: काय चालू आहे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास कोणाला विचारावे. वरिष्ठांना मोघम “बाहेर जातो आहे” असे न सांगता अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत संपर्क होणार नाही, असे स्पष्ट सांगावे. विम्याचे कागदही तेव्हाच वाचून घ्यावेत, कारण बऱ्याच प्रवासविम्यांत ठरावीक उंचीपुढील किंवा दोर वापरून केलेली चढाई वगळलेली असते.

नोकरी सोडावी का, या प्रश्नावर एकच उत्तर नाही, हे काही ज्ञात व्यक्तींकडे पाहिले तरी कळते. खडकांवरच्या आखूड आणि अवघड चढाईला स्वतंत्र क्रीडाप्रकाराचे रूप देणारे जॉन गिल हे गणिताचे प्राध्यापक होते. १९५० च्या दशकात जिम्नॅस्टिक्समधील तंत्र आणि खडूची पूड त्यांनी खडकावर आणली आणि गणित सोडले नाही. आर्लीन ब्लम या रसायनशास्त्रज्ञ. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरल्या जाणाऱ्या अग्निरोधक रसायनाच्या धोक्याविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९७७ चा, आणि अन्नपूर्णेवरील महिलांच्या मोहिमेचे त्यांचे नेतृत्व १९७८ चे. त्या मोहिमेला शिखर मिळाले, पण दोन सदस्यांचा जीव गेला, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. रे जार्डिन यांनी मात्र अवकाश उद्योगातील नोकरी सोडली आणि चढणारा घसरला तर दोर तोलून धरण्यासाठी खडकाच्या भेगेत अडकणारे, स्प्रिंगने उघडणाऱ्या पाकळ्यांचे ‘फ्रेंड’ हे उपकरण घडवले, जे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. त्याच्या पाकळ्यांचा वक्र लॉगरिदमिक सर्पिलाचा आहे, म्हणून भेग रुंद असो वा अरुंद, खडकाशी होणारा कोन तोच राहतो. नोकरी सुटली तरी गणित सुटले नाही.

तुमच्या लिहिण्यातून मला जे दिसते ते असे की तुम्हांला नोकरीचा वीट आलेला नाही, संध्याकाळच्या रिकामपणाचा आला आहे. त्यासाठी राजीनामा हा फार महाग इलाज आहे. बनवलेल्या वस्तू विकून पोट भरण्याचा विचारही तूर्त बाजूला ठेवा. गिऱ्हाइकाची तारीख आली की पटाशीलाही डेडलाइन लागते, आणि तिच्यापासून सुटका म्हणून तर तुम्ही हे सुरू करणार आहात.

सुरुवात लाकडापासून करा, कारण ते आज संध्याकाळपासून करता येते. पहिल्या कामासाठी खुर्ची किंवा कपाट घेऊ नका. एका तुकड्यात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारी जीभ, एवढा एकच सांधा टाकाऊ लाकडावर पुन्हा पुन्हा कापा. सोबतीने आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा चढाची वाट आणि एक दिवस पाठीवर ओझे घेऊन चालणे सुरू ठेवा, आणि वजन हळूहळू वाढवा, कारण स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण सांध्यांभोवतीच्या कंडरांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. दोराची चढाई व्हिडिओ पाहून शिकू नका. गाठी, अँकर (दोर खडकाला पक्का बांधण्याची जागा) आणि दोर धरून सोबत्याला सांभाळणे या गोष्टी प्रशिक्षकासमोर, जमिनीलगत शिकाव्या लागतात. पुढच्या मोठ्या रजेचा अर्ज करताना ती रजा मोहिमेसाठी न ठेवता अशा मूलभूत प्रशिक्षणवर्गासाठी ठेवा. त्या वर्गातच तुम्हांला पुढच्या वर्षांचे सोबती भेटतात, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे माहीत असल्यावाचून खडकाला हात लावू नये.