मंडळी विलीन करायचा ठराव झालाय, आता आमचं काय?

प्रश्न: आमची स्वतंत्र मंडळी (चर्च) सोसायटी आणि ट्रस्ट म्हणून रजिस्टर्ड आहे. पाळक आणि काही पंचांनी रविवारी उपासना संपल्यावर अचानक सभा घेतली, नोटीस नाही अजेंडा नाही, आणि मोठ्या चर्च संस्थेत विलीन व्हायचा ठराव हात वर करून पास केला. आमच्या उपासनेच्या हजेरीवहीतल्या सह्या आता संमती म्हणून दाखवतायत. विरोध केला म्हणून काही जणांची नावं सभासद यादीतून काढली, प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी) बंद केलंय. कोर्टात जाणं वचनाविरुद्ध आहे असं सांगतात. काय करू?

उत्तर: ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रभुभोजन कुणाला द्यायचं हा श्रद्धेचा विषय, राज्यघटनेच्या कलम २६ ने तो संप्रदायाकडेच ठेवलाय आणि त्यात कोर्ट सहसा पडत नाही, खूप दुखतं हे कळतंय मला, पण तिथे ताकद घालवू नका. त्याच कलमात मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे चालवायचा असंही लिहिलंय, आणि तुमची बाजू भक्कम आहे ती इथेच.

नुसत्या ठरावाने चर्चची जागा दुसऱ्याची होत नाही. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा गुजरातमधलं ब्रदरन चर्च त्यात सामील झाल्याचं सांगितलं गेलं, वाद कितीतरी वर्षं चालला आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सोसायटी कायद्याप्रमाणे विसर्जनच झालेलं नाही, मग मालमत्ता गेली कशी? त्या कायद्याचं कलम १३ बघा, खास त्यासाठीच बोलावलेल्या सभेत किमान तीन-पंचमांश सभासदांची मतं लागतात. उपासनेला आले म्हणून केलेली सही म्हणजे मत नव्हे, त्या वहीच्या पानाचा तारखेसकट फोटो आजच काढून ठेवा, वरती 'उपासना हजेरी' असं छापलेलं असेल तर फारच उत्तम.

आता धर्मादाय कार्यालयात जाऊन ट्रस्टच्या शेड्युल वनची (तिथल्या नोंदवहीतला ट्रस्टचा उतारा) सर्टिफाइड कॉपी काढा. पाळकांची बाजू चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीतल्या बदलाचा अहवाल, दाखल करेल (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदलापासून ९० दिवसांत करायचा असतो), त्यावर हितसंबंधी व्यक्ती म्हणून लेखी हरकत घ्या आणि यादीतून काढताना नोटीस दिली का, तुमच्या मंडळीच्या घटनेतली पद्धत पाळली का, हेही त्यातच मांडा. जागा विकायला त्याच कायद्याच्या कलम ३६ ची आधी परवानगी लागते, तरी व्यवहार होतोय असं दिसलं तर ४१-ई खाली मनाईचा अर्ज, तो किमान दोघांनी मिळून, अ‍ॅफिडेव्हिटसकट. थेट दिवाणी कोर्टात धावू नका, यातले बरेच प्रश्न याच कायद्याच्या कलम ८० मुळे तिथे अडतात.

वचनाचं म्हणाल तर १ करिंथ ६ (बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध कोर्टात जाऊ नये असं सांगणारा अध्याय) मनापासून मानणाऱ्यांना मी कधीच हिणवणार नाही. पण त्याच अध्यायात वाद मिटवायला मंडळीतलाच कोणी शहाणा माणूस नाही का, असंही पौल विचारतो ना, मग दोन्ही बाजूंना मान्य अशा वडीलजनांसमोर बसायचं लेखी पत्र पाठवाच, आणि पौलाने स्वतः कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागितली होती हेही त्यांना सांगा. फक्त या बोलण्यांपायी हरकतीची मुदत घालवू नका, दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

आणि तुमच्या तरुण पोरांना आवरा, कुलूप तोडणं किंवा उपासना चालू असताना घोषणा देणं अजिबात नको, उपासनेत अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली आणि कुलूप तोडलं तर इतर कलमांखाली तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.