प्रश्न वाचकांचे : कॉम्पोझिशनची क्लेप परीक्षा आणि आपले मराठी वळण

प्रश्न : माझे बारावीपर्यंतचे शिक्षण सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमातून झाले आणि पुढे मी बी. कॉम. केले. लग्नानंतर न्यू जर्सीला येऊन नऊ वर्षे झाली. मुले मोठी झाल्यामुळे आता कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश घेण्याचा विचार आहे. तिथे पहिल्या वर्षाचे इंग्रजी कॉम्पोझिशन, म्हणजे निबंधलेखनाचा वर्ग, सक्तीचे आहे. क्लेपची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास तो वर्ग टळतो, असे मैत्रीण सांगते. हाताशी तीन महिने आहेत. शाळेतले टेन्स आणि व्हॉइसचे तक्ते पुन्हा पाठ करायला घेतले आहेत, पण निबंधाची धास्ती वाटते. अभ्यास कसा करावा?

उत्तर : तक्ते आधी मिटून ठेवा आणि कॉलेजला एक फोन करा. क्लेप म्हणजे ‘कॉलेज-लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम’, वर्गाला न बसता परीक्षा देऊन त्या विषयाचे श्रेय मिळवण्याची अमेरिकेतली योजना. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या या योजनेत कॉम्पोझिशनच्या दोन परीक्षा आहेत आणि त्यांची नावे इतकी सारखी आहेत की अनेकांची फसगत होते. एक नुसती ‘कॉलेज कॉम्पोझिशन’ आणि दुसरी ‘कॉलेज कॉम्पोझिशन मॉड्युलर’. पहिलीत दोन निबंध परीक्षेतच लिहावे लागतात. दुसरीत ९० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि निबंधाचे काय करायचे ते कॉलेज ठरवते. तुमचे कॉलेज यांपैकी कोणती परीक्षा मानते, किती गुणांना मानते आणि नर्सिंग विभागालाही ती चालते का, हे तिन्ही प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. पुढे चार वर्षांच्या पदवीसाठी दुसऱ्या विद्यापीठात जायचे मनात असेल, तर त्या विद्यापीठालाही हेच विचारा, कारण एका ठिकाणी मिळालेले क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) दुसरीकडे चालेलच असे नाही.

तुम्हाला पहिली परीक्षा द्यावी लागेल असे धरून पुढचे लिहितो. ५५ मिनिटांत सुमारे ५० बहुपर्यायी प्रश्न आणि नंतर ७० मिनिटांत दोन निबंध, असे तिचे स्वरूप आहे. प्रश्न आणि निबंध यांचे वजन समसमान असते. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस ५० गुणांना सहा क्रेडिटची आहे, तथापि अंतिम शब्द कॉलेजचाच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आता व्याकरणाकडे येऊ. निव्वळ व्याकरणनियमांवरचे प्रश्न बहुपर्यायी भागात जेमतेम १० टक्के असतात, तर ४० टक्के प्रश्न मसुदा सुधारण्यावर असतात. एक कच्चा उतारा क्रमांक घातलेल्या वाक्यांसह देतात आणि विचारतात की चौथे वाक्य कुठे हलवावे, सातवे आणि आठवे कसे जोडावे, कोणते वाक्य विषयाला सोडून आहे. उरलेल्यांपैकी निम्मे प्रश्न संदर्भांच्या वापरावर आणि निम्मे लेखकाचा हेतू, सूर व वाचकवर्ग ओळखण्यावर असतात. तक्ते पाठ करून यातले फारसे काही साधणार नाही. रोज एखादा इंग्रजी अग्रलेख घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने तो परिच्छेद तिथे का आहे ते एका ओळीत लिहावे, हा सराव मला कितीतरी अधिक उपयोगी वाटतो.

तरीही त्या १० टक्क्यांत आणि तुमच्या स्वतःच्या निबंधांत मराठी माणसाच्या ठरावीक चुका येतात, आणि त्या अज्ञानातून नव्हे तर मराठी चांगले येत असल्यामुळे होतात. ‘स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. चालणारा कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड’ असे उतरवले, की स्वल्पविरामानंतर येणारा कर्ता चालू लागतो आणि पाऊसच छत्री घेऊन स्टेशनकडे निघतो. आपल्या ‘-ताना’ आणि ‘-ऊन’ या रूपांची जी लवचीकता आहे ती इंग्रजीच्या ‘-इंग’ला नाही, म्हणून असे वाक्य लिहिले की ‘हे करणारा कोण?’ असे स्वतःला विचारून तो कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच बसवावा. तसेच आपल्या ‘जरी–तरी’च्या जोडीमुळे ‘ऑल्दो’ लिहून झाल्यावर हात आपोआप ‘बट’ लिहितो, तर इंग्रजीला दोहोंपैकी एकच चालतो. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यातला ‘मी’ आणि ‘येतो’ आपण बिनदिक्कत तसेच ठेवतो, इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आला की सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलतात. आणि दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे मराठीत खपून जाते. इंग्रजी परीक्षक त्यावर हमखास बोट ठेवतो. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नसल्यामुळे ती लिहिताना सुटतात, म्हणून शेवटच्या वाचनात फक्त एकवचनी नामांवर नजर फिरवावी.

पहिला निबंध ३० मिनिटांचा असतो. एखादे विधान देतात आणि त्यावर स्वतःचे मत स्वतःच्या वाचनातून, अनुभवातून किंवा निरीक्षणातून मांडायला सांगतात. इथे आपले शालेय निबंधाचे वळण मोडावे लागते. आपण सुभाषिताने सुरुवात करतो, दोन्ही बाजूंना न दुखावता पुढे जातो आणि आपले मत असेलच तर शेवटून दुसऱ्या ओळीत सांगतो. इथला वाचक ते पहिल्या परिच्छेदात शोधतो. समजा, शाळेत मोबाइलवर बंदी असावी का, असा विषय आला. तर ‘आजचे युग हे तंत्रज्ञानाचे युग आहे’ या वाक्याचा मोह टाळा आणि बंदी वर्गापुरती असावी, सुट्टीत नसावी, असे मत असेल तर तेच पहिल्या दोन-तीन वाक्यांत लिहा. त्याखाली मुलांच्या शाळेत तुम्ही स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग तपशिलाने घाला. असा एक प्रसंग चार ढोबळ कारणांपेक्षा अधिक काम करतो. पाच मिनिटे आखणी, वीस मिनिटे लेखन आणि पाच मिनिटे वाचन, अशी वाटणी करा. निबंध संगणकावर टंकित करावा लागतो, म्हणून घरचा सराव वहीत करू नका आणि सरावाच्या वेळी स्पेलचेक बंद ठेवा.

मॉडर्न स्टेट्स या संस्थेचे क्लेपसाठीचे अभ्यासक्रम ऑनलाइन विनामूल्य आहेत आणि अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला परीक्षा शुल्काचे व्हाउचरही मिळू शकते, ते जरूर पाहा.

एक स्पष्टच सांगतो. आजच घड्याळ लावून एक निबंध लिहून पाहा. तीस मिनिटांत सलग तीन परिच्छेदही उतरले नाहीत, तर ही परीक्षा सोडून वर्गाला बसा. नर्सिंगमध्ये पुढे लेखन भरपूर आहे, आणि आठवड्याला तुमचा कागद वाचून लाल शाईने खुणा करणारा शिक्षक मिळणे हे वर्ग टळण्यापेक्षा मोलाचे आहे.

प्रश्न : मी ही परीक्षा दिली आणि ४६ गुण मिळाले. व्याकरण माझे चांगले आहे. दुसऱ्या निबंधात दिलेल्या दोन्ही उताऱ्यांतील सर्व मुद्दे मी माझ्या शब्दांत व्यवस्थित लिहिले होते. मग चूक कुठे झाली असेल?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तराचा बराचसा भाग आहे. त्या निबंधाला ४० मिनिटे असतात आणि दोन छोटे उतारे दिलेले असतात, पण मागणी सारांशाची नसते. दोन्ही उताऱ्यांचा आधार घेऊन तुम्ही स्वतःचा युक्तिवाद उभा करावा आणि कोणता मुद्दा कोणाकडून घेतला ते नोंदवावे, अशी अपेक्षा असते. पहिल्या परिच्छेदात पहिला लेखक, दुसऱ्यात दुसरा आणि तिसऱ्यात ‘मला दोघांचेही पटते’, अशी मांडणी झाली असेल तर ती तुमच्या मुद्देसूद नोट्सपलीकडे जात नाही. परिच्छेद तुमच्या कारणाने सुरू व्हावा, लेखकाला मधे साक्षीला बोलवावे आणि त्याच्याशी कुठे पटत नाही तेही सांगावे. ‘माझ्या शब्दांत’ लिहिले म्हणून श्रेय देण्यातून सुटका होत नाही. आपल्याकडे गाइडमधली वाक्ये उतरवून पेपर लिहिणारी आमची पिढी हे फार उशिरा शिकली. तीच परीक्षा पुन्हा देण्याआधी तीन महिने थांबावे लागते. तोवर दर रविवारी एकाच विषयावरचे परस्परविरोधी दोन लेख घ्या आणि घड्याळ लावून लिहा, फक्त कच्च्या आखणीत लेखकांची नावे घालू नका. तुमची तीन कारणे आधी कागदावर आली, की मग लेखकांना त्यांच्या जागी बसवा.