इटालियन 'पियानो' शब्दाचा मूळ अर्थ काय?

मूळ अर्थ वाद्य नाहीच. इटालियनमध्ये पियानो म्हणजे सपाट, हळू, आणि इमारतीचा मजलासुद्धा. आलाय लॅटिन 'प्लानुस'वरून, म्हणजे समतल. लॅटिनचा 'प्ल' इटालियनमध्ये 'प्य' होतो, 'प्लेनुस'चं (भरलेला) 'प्येनो' झालं तसंच. सपाट म्हणजे चढउतार नाही, त्यावरून सावकाश, हळू आवाजात.

वाद्याचं नाव नंतरचं आणि हा भाग मला जाम आवडतो. १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्सला, तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या दरबारात, क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्य बनवणाऱ्याने असं वाद्य बनवलं की ज्यात हार्पसिकॉर्डसारखी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) तार छेडली जात नाही, तिच्यावर छोटी हातोडी पडते, त्यामुळे बोट हलकं ठेवलं की आवाज हळू आणि जोरात दाबलं की मोठा, म्हणून 'पियानो ए फोर्ते', हळू आणि जोरात. त्याचंच पियानोफोर्ते झालं, पुढे फोर्ते गळलं.